कापसाच्या भरभराटीतला दम

१८६१-६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव दिला, हे आपण वाचलेले असते. आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा त्याच व्यापाराचे गाव. जिनिंगमधील धुळीविषयी मात्र क्वचितच वाचायला मिळते. सरकीसोबत आलेल्या पाल्यापाचोळ्यावर जिवाणू असतात. त्यांचे एंडोटॉक्सिन हे विषारी द्रव्य श्वासावाटे आत गेले की श्वासनलिका आकसतात. सुट्टीनंतर कामावर परतलेल्या दिवशी छाती सर्वाधिक आवळते, म्हणून इंग्लंडातील गिरणी कामगार त्याला ‘सोमवारचा ताप’ म्हणत. आठवडाभरात बरे वाटते आणि मजूर निश्चिंत होतो. हीच या रोगाची फसवणूक. वर्षानुवर्षांनी दम कायमचा जडतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत या बिसिनोसिसचे नाव होते. पण जिनिंग हंगामी; हंगाम सरल्यावर गावी परतलेल्या मजुराचा खोकला कोणत्या वहीत चढणार?