बोरू, खिळे आणि शिळा

"मुसलमानांनी पावणेतीनशे वर्षे छापखाना दारात येऊ दिला नाही, म्हणून ते मागे पडले." हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकले असेल. बाहेरचे वक्ते ते व्यासपीठावरून ऐकवतात आणि सुधारणेची तळमळ असलेली आपली माणसेही मान हलवून त्याचा पुनरुच्चार करतात. इतिहास शिकविणारा शिक्षक या नात्याने मला या वाक्याची अडचण वाटते. ते सर्वस्वी खोटे आहे असे नाही. परंतु त्यात जे अर्धे खरे आहे, त्याचे कारण ते सांगत नाही. "आपले पूर्वज हट्टी होते" एवढेच मुलाला शिकविले, तर तो शरमेने मान खाली घालतो, नाहीतर चिडून पुस्तक मिटतो. दोन्हींत शिकणे होत नाही.

प्रथम थोडे मागे जाऊ. कागद ही चीनची देणगी. आठव्या शतकात तो समरकंदला तयार होऊ लागला आणि त्याच शतकाच्या अखेरीस, हारून अल रशीदच्या काळात, बगदादमध्ये सरकारी दफ्तरे कागदावर आली. चामड्यावरचा आणि पपायरसवरचा मजकूर सोडून एवढी मोठी राजवट दोन पिढ्यांत कागदावर आली, तेव्हा कोणी फारशी कुरकुर केल्याचे दिसत नाही. उलट 'वर्राक' म्हणून एक नवा व्यवसायच उभा राहिला. वर्राक कागद विकत, पुस्तके नकलून देत, बांधून देत आणि त्यांच्या दुकानांत विद्वानांच्या बैठकी भरत. दहाव्या शतकातील सर्व अरबी ग्रंथांची जंत्री करणारा इब्न नदीम हा असाच एक वर्राक. हाच कागद पुढे युरोपात गेला, तेव्हा सम्राट फ्रेडरिक दुसरा याने १२३१ साली हुकूम काढला की सरकारी दस्तऐवज कागदावर करू नयेत, कारण तो टिकत नाही! तेव्हा नव्याला बिचकणे हा कोणा एका धर्माचा वारसा नव्हे.

जर्मनीतील माइंझ शहरी योहान ग्युटेनबर्गने १४५० च्या सुमारास शिशाची सुटी अक्षरे, म्हणजे आपल्या छापखानेवाल्यांच्या भाषेत खिळे, जुळवून पुस्तक छापण्याची रीत बसविली. तिचे सर्वत्र स्वागतच झाले असे नाही. ट्रिथेमियस नावाच्या एका मठाधिपतीने १४९२ साली हाताने नक्कल करणाऱ्यांची थोरवी गाणारा ग्रंथ लिहिला. चामड्यावरचे लेखन हजार वर्षे टिकेल, छापील कागदाचा काय भरवसा, असे त्याचे म्हणणे. गंमत अशी की दोनच वर्षांनी त्याने तो ग्रंथ माइंझलाच छापून घेतला. माणूस बोलतो एक आणि सोय पाहून करतो दुसरे, याचे इतके सुरेख उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

आता इस्तंबूलकडे वळू, कारण वरचे वाक्य मुख्यतः उस्मानी तुर्कांना उद्देशून आहे. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्या यहुद्यांना सुलतानाने आसरा दिला आणि थोड्याच अवधीत त्यांनी इस्तंबूलमध्ये हिब्रू छापखाना काढला. १५६७ मध्ये आर्मेनियन लोकांनी आपला काढला, १६२७ मध्ये ग्रीकांनी. म्हणजे यंत्र शहरात होते, डोळ्यांसमोर होते. मात्र अरबी लिपीतील तुर्की पुस्तके छापणारा छापखाना निघाला तो १७२७ साली. एवढा उशीर का झाला?

कित्येक पुस्तकांत याचे तयार उत्तर मिळते. सुलतान बायझीद दुसरा याने १४८५ साली फर्मान काढून छपाईला मनाई केली आणि मोडणाऱ्याला देहदंड फर्मावला, असे ते उत्तर. परंतु असे मूळ फर्मान आजवर कोणाला सापडलेले नाही. ही कथा युरोपी प्रवाशांच्या व लेखकांच्या लिखाणातून आलेली आहे आणि अलीकडचे संशोधक तिच्यावर विश्वास ठेवायला तयार नाहीत. जे फर्मान खरोखर उपलब्ध आहे ते याच्या नेमके उलट आहे. १५८८ साली सुलतान मुराद तिसरा याने युरोपी व्यापाऱ्यांना अरबी, फारसी व तुर्की छापील पुस्तके आणून विकण्यास संरक्षण दिले. वाटेत लोक त्यांचा माल हिसकावून घेत, तसे कोणी करू नये, असा तो हुकूम. रोममध्ये १५९४ साली छापलेल्या युक्लिडच्या अरबी भूमितीच्या शेवटी तो छापलेलाही आहे. म्हणजे छापील पुस्तक विकायला बंदी नव्हती. ते घेणारेच थोडे होते.

घेणारे थोडे का, हे समजण्यासाठी छापील अरबी पान डोळ्यांसमोर आणले पाहिजे. इंग्रजी अक्षरे एकमेकांपासून सुटी असतात. अरबी लिपीत अक्षर शब्दाच्या आरंभी एक रूप घेते, मध्ये दुसरे, शेवटी तिसरे, आणि सगळी एकमेकांत गुंफलेली असतात. फारसी-उर्दूच्या नस्तालीक वळणात तर शब्द उजवीकडून डावीकडे उतरत येतो, जणू जिन्याच्या पायऱ्या. देवनागरीच्या जोडाक्षरांनी जुळाऱ्यांचा किती घाम काढला हे जुन्या मुद्रकांना विचारावे. येथे तर प्रत्येक शब्दच जोडाक्षर! सरळ रेषेत बसविलेल्या खिळ्यांतून उठलेले पान सुंदर हस्तलिखित वाचण्याची सवय असलेल्या डोळ्यांना विद्रूप वाटे. ज्या समाजात सुलेखन ही चित्रकलेहून श्रेष्ठ कला मानली जाई, तेथे ही तक्रार क्षुल्लक नव्हती.

दुसरी गोष्ट भरवशाची. व्हेनिसच्या पागानिनी बापलेकांनी १५३७-३८ मध्ये अरबी कुराण शरीफ छापले, बहुधा पूर्वेकडे विकण्याच्या इराद्याने. त्याची एकुलती एक प्रत १९८७ साली व्हेनिसच्या एका मठात सापडली. तिच्यात चुका ठायी ठायी आहेत. दाल आणि जाल ही दोन अक्षरे एका नुक्त्याने वेगळी होतात. छापणाऱ्यांनी तो भेदच ठेवलेला नाही. ज्या घरात हाफिज एका जेर-जबरची चूक झाली तरी थांबवून दुरुस्त करतो, त्या घराने असा ग्रंथ हाती घ्यावा तरी कसा? शिवाय कातिबाच्या हातून झालेली चूक त्या एका प्रतीपुरती राहते. छापखान्यात झालेली चूक हजार घरांत पोहोचते. पूर्वी शागीर्द नक्कल करी, उस्तादासमोर वाचून दाखवी आणि उस्ताद इजाजत देई, तेव्हाच ती प्रत विश्वसनीय ठरे. बाजारातून आलेल्या छापील पुस्तकाची ग्वाही कोणी द्यायची? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही.

आणि तिसरी गोष्ट पोटाची. कातिब, कागद घोटणारे, जिल्दसाज, सोनेरी वेलबुट्टी काढणारे अशी कित्येक कुटुंबे या कामावर जगत होती. त्यांचे म्हणणे कोणी ग्रंथात लिहून ठेवले नाही, पण बोरू हेच ज्याचे शेत, त्याने यंत्राचे स्वागत करावे अशी अपेक्षा करणारे आपण कोण?

या तिन्ही गोष्टींची जाण ज्याला होती, असा एक माणूस अखेर पुढे आला. इब्राहिम मुतफर्रिका हा मूळचा ट्रान्सिल्व्हानियातील हंगेरियन. तो मुसलमान होऊन सुलतानाच्या सेवेत शिरला. त्याने १७२६ मध्ये छपाईच्या फायद्यांवर एक निबंध लिहिला. त्यात तो लोकांना मागासलेले म्हणत नाही. मंगोलांनी बगदादची आणि पुढे ख्रिस्ती राजांनी अंदलुसची ग्रंथसंपदा कशी नष्ट केली याची तो आठवण देतो आणि विचारतो की एकेका ग्रंथाच्या हजार प्रती असत्या तर हे घडले असते काय? फिरंगी आपली पुस्तके चुका करून छापतात, मग आपणच नीट का छापू नयेत? शेखुल इस्लाम अब्दुल्ला एफंदींनी फतवा दिला की शब्दकोश, तर्क, ज्योतिष अशा विषयांची पुस्तके जाणकारांकडून तपासून छापली, तर काम स्तुत्य आहे. सुलतान अहमद तिसरा याने १७२७ मध्ये परवानगी दिली. कुराण, हदीस, तफसीर व फिकह यांना हात लावायचा नाही, हे ठरले आणि मुद्रिते तपासण्यासाठी तीन माजी काझी व एक सूफी शेख नेमले गेले. १७२९ मध्ये पहिले पुस्तक बाहेर पडले, अरबी-तुर्की शब्दकोश, एक हजार प्रती.

तपासनीस नेमण्याची ही युक्ती मला फार मोलाची वाटते. २०२० साली शाळा बंद पडून वर्ग मोबाइलवर आले, तेव्हा आमच्याकडच्या एका पालकांनी मला विचारले होते, "सर, पुस्तकात काय आहे ते मला पाने उलटून कळते. यात मुलगी काय पाहते ते मला कसे कळणार?" त्यांना हट्टी ठरवून मोकळे होणे सोपे होते. आम्ही काही शिक्षकांनी घरोघरी फोन करून पालकांनाच धडा कुठे उघडतो, गृहपाठ कुठे दिसतो, हे समजावले. ज्यांना ते उमगले, त्यांच्या मुलींचे वर्ग फारसे चुकले नाहीत.

मुतफर्रिकाचे यश मात्र अपुरे राहिले, हे लपविण्यात अर्थ नाही. त्याने १७४२ पर्यंत सतरा ग्रंथ छापले. त्यांत कातिब चेलेबीचा 'जिहाननुमा' हा नकाशांसह भूगोल होता, पाचशे प्रतींचा. किमती जबर, वाचणारे मोजके. मृत्युसमयी त्याच्याकडे बऱ्याच प्रती पडून होत्या. त्याच्यानंतर छापखाना जवळजवळ बंदच पडला, तो १७८४ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्याच शतकात युरोपातील साधारण कारागिराच्या मुलाच्या हाती छापील अंकलिपी होती. हे नुकसान खरे आहे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या भरून निघाले नाही.

पण कथा येथे थांबत नाही, आणि नेमका हाच भाग ते वाक्य उच्चारणाऱ्यांना ठाऊक नसतो. १७९० च्या दशकात बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर नावाच्या नाटककाराला आपली नाटके स्वस्तात छापायची होती. त्याने शिळाछाप शोधून काढला. तेलकट शाईने लिहिलेला मजकूर गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर उतरवायचा आणि शिळा ओली करायची. पाणी कोऱ्या जागी राहते, छपाईची शाई फक्त अक्षरांनाच चिकटते. खिळे नाहीत, जुळारी नाही. १८२० च्या दशकात ही कला कलकत्त्यास आणि मुंबईस आली.

आणि काय झाले? जो समाज खिळ्यांना नाक मुरडत होता, त्याने ही शिळा दोन्ही हातांनी उचलली. कारण उघड होते. शिळाछापात कातिबाचे अक्षर जसेच्या तसे उमटे, तीच वेलांटी, तोच झोक. कातिब बेकार झाला नाही. उलट त्याला काम वाढले. शिळेवर उलटी अक्षरे दुरुस्त करणारा 'संगसाज' हा नवा कारागीर उदयास आला. उलेमांनी विरोध तर केला नाहीच, तेच मोठे ग्राहक झाले. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिळेवर छापलेली फारसी व अरबी पुस्तके जहाजांनी इराणला, आखाती बंदरांना जात. लखनौला मुन्शी नवल किशोर यांनी १८५८ मध्ये छापखाना काढला. या हिंदू गृहस्थांनी कुराण शरीफ आणि इतर धार्मिक ग्रंथ इतक्या अदबीने व इतक्या स्वस्तात छापले की गरिबाच्या घरीही ते पोहोचले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मौलाना अशरफ अली थानवी यांचे 'बहिश्ती जेवर' घरातल्या स्त्रियांच्या हाती गेले ते याच शिळांच्या कृपेने. त्यात मुलींना पत्रलेखनाचेही धडे आहेत. उलट सर सय्यद अहमद खान खिळ्यांच्या छपाईचे पुरस्कर्ते, आणि मौलाना आझाद यांनी १९१२ मध्ये 'अल हिलाल' खिळ्यांवरच काढले. मजकुराची वाहवा झाली, पण उर्दू वाचकाचा डोळा काही नस्तालीकवरून हलला नाही.

मुंबईत आपले हिंदू शेजारीही याच वाटेने गेले. छपाईच्या शाईत जनावराची चरबी असते म्हणून सोवळे ब्राह्मण छापील पोथीला शिवत नसत. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई करून पंचांग छापले आणि तंटा मिटला. त्यांनीही आरंभ शिळाछापानेच केला होता.

कुराण शरीफची खिळ्यांवरची सर्वमान्य आवृत्ती १९२४ साली कैरोत निघाली, अल-अजहरच्या विद्वानांच्या देखरेखीखाली. दोनशे वर्षांपूर्वीची तपासनिसांची युक्ती येथे कळसास गेली.

उर्दू वर्तमानपत्रांत मात्र कातिब विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकून होता. १९८१ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि फाळणीनंतर कराचीस स्थायिक झालेले मिर्झा अहमद जमील यांनी हजारो शब्दखंड स्वतः हाताने लिहून ते संगणकाच्या हवाली केले. या 'नूरी नस्तालीक'वर लाहोरचे 'जंग' त्याच वर्षी छापून निघाले. वाचकाला फरक कळला नाही, कारण अक्षर पुन्हा एकदा माणसाच्याच हातचे होते. पण या वेळी शिळेसारखी मेहेरनजर कातिबावर झाली नाही. एका माणसाने एकदा लिहिले ते सर्वांना पुरले. दिल्लीच्या जामा मशिदीजवळील उर्दू बाजारात जे कातिब ओळीने बसत, त्यांतले काही संगणकावर टंकलेखन शिकले, काही लग्नपत्रिका आणि पाट्या लिहू लागले. चेन्नईला १९२७ साली निघालेले 'द मुसलमान' हे दैनिक एकविसाव्या शतकातही रोज बोरूने लिहिले जात होते, आणि लिहिणाऱ्यांत स्त्रियाही होत्या.