एम्ली मूर दूरचित्रवाणी प्रक्षेपक

इंग्लंडमधील यॉर्कशर प्रदेशाचे मुख्य दूरचित्रवाणी प्रक्षेपण केंद्र. वेस्ट यॉर्कशरमध्ये, हडर्सफील्ड शहराच्या आग्नेयेस, समुद्रसपाटीपासून सुमारे 260 मीटर उंचीच्या माळावर ते उभे आहे. लीड्स, ब्रॅडफर्ड, वेकफील्ड आणि शेफील्डचा बराचसा भाग छतावरच्या साध्या अँटेनाने थेट या मनोऱ्यावरून ‘फ्रीव्ह्यू’ ही डिजिटल सेवा घेतो. तिला मासिक वर्गणी नाही. ब्रिटनमध्ये टीव्ही पाहण्यासाठी भरावे लागणारे वार्षिक परवाना शुल्क तेवढे द्यावे लागते. केंद्राचा ताबा ‘अर्कीवा’ या कंपनीकडे आहे.

मनोऱ्याच्या उंचीचे कौतुक नेहमी होते आणि ते रास्तही आहे. पण भूप्रक्षेपित टीव्हीची अर्धी यंत्रणा माळावर असते, तर उरलेली अर्धी प्रेक्षकाच्या छतावर. उपग्रहाच्या किंवा केबलच्या सेवेत कंपनीचा माणूस येऊन सगळे जोडून देतो. इथे मात्र अँटेना कोणत्या गटाचा, तो किती उंचीवर, कोणत्या दिशेला आणि त्याच्या काड्या आडव्या की उभ्या, हे सगळे घरमालकाला ठरवावे लागते. चित्र बिघडले की पहिला संशय प्रक्षेपकावर जातो, दोष मात्र बहुतेक वेळा घरातच सापडतो. म्हणून या नोंदीत मनोऱ्याइतकीच जागा ग्रहणाला दिली आहे.

ब्रिटनमध्ये डिजिटल भूप्रक्षेपण नोव्हेंबर 1998 मध्ये सुरू झाले. पहिली सशुल्क सेवा 2002 मध्ये कोसळली आणि त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला फ्रीव्ह्यू आले. एम्ली मूरवरून जुने ॲनालॉग प्रक्षेपण सप्टेंबर 2011 मध्ये कायमचे थांबले आणि डिजिटल प्रक्षेपणाला पूर्ण शक्ती मिळाली. ॲनालॉगच्या काळात मुख्य वाहिन्यांची प्रभावी प्रक्षेपणशक्ती 870 किलोवॉट होती. सार्वजनिक सेवेच्या तीन डिजिटल संचांना प्रत्येकी 174 किलोवॉट पुरतात. शक्ती पाचपटीने उतरली, तरी त्याच प्रदेशाला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वाहिन्या मिळू लागल्या.

हे साधते ते ‘मल्टिप्लेक्स’मुळे, म्हणजे वाहिन्यांच्या संचामुळे. ॲनालॉग पद्धतीत 8 मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या एका पट्ट्यात एकच वाहिनी मावत असे. डिजिटल पद्धतीत तेवढ्याच पट्ट्यातून सेकंदाला सुमारे 24 मेगाबिट माहिती जाते आणि तिच्यात अनेक वाहिन्या दाटीने बसतात. उच्च सुस्पष्टतेच्या वाहिन्यांसाठी दुसऱ्या पिढीची डीव्हीबी-टी2 पद्धत वापरतात. तिथे त्याच रुंदीत सुमारे 40 मेगाबिट मावतात. एम्ली मूरवर सार्वजनिक सेवेचे संच यूएचएफच्या 47, 44 आणि 41 क्रमांकांवर आहेत, म्हणजे अनुक्रमे 682, 658 आणि 634 मेगाहर्ट्‌झवर. व्यापारी संच 33, 36 आणि 48 वर आहेत.

हे आकडे यॉर्कशरच्या घरमालकाला ठाऊक असणे फायद्याचे आहे. एम्ली मूरच्या ॲनालॉग वाहिन्या 37 ते 51 या क्रमांकांत होत्या. त्यामुळे या भागात पिढ्यान्‌पिढ्या ‘बी’ गटाचे अँटेना बसवले गेले. हा गट साधारण 39 ते 53 या क्रमांकांसाठी बनवलेला आहे. पुढे 700 मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा मोबाइल सेवेला द्यायचा ठरला आणि वरचे क्रमांक रिकामे करून काही संच खाली 33 आणि 36 वर आणले गेले. जुना ‘बी’ गटाचा अँटेना तिथे कमजोर पडतो. अशा घरात बीबीसी आणि आयटीव्ही स्वच्छ दिसतात, पण काही व्यापारी वाहिन्या अडखळतात किंवा यादीतच येत नाहीत. टीव्ही संच बदलून हा दोष जात नाही. तिथे रुंद पट्ट्याचा किंवा ‘के’ गटाचा अँटेना लावावा लागतो. मनोऱ्याजवळच्या घरांत सिग्नल मुळातच एवढा भरपूर असतो की जुना अँटेनाही निभावून नेतो.

डिजिटल चित्राचा बिघाड ॲनालॉगसारखा नसतो. पूर्वी सिग्नल उतरत गेला की पडद्यावर मुंग्या यायच्या, त्या वाढत जायच्या आणि तरीही बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलमध्ये त्रुटी-सुधारणेचे गणित जोवर पुरे पडते तोवर चित्र अगदी निर्दोष असते. ते अपुरे पडू लागले की चित्राचे चौकोन फुटतात, आवाज तुटतो आणि लगेच पडदा काळा होतो. निर्दोष चित्र आणि काळा पडदा यांच्यात जेमतेम एक-दोन डेसिबलचे अंतर असते. म्हणून आज चित्र चांगले दिसते याचा अर्थ सिग्नल भक्कम आहे असा होत नाही. ओल्या पानांनी भरलेले झाड, केबलच्या जोडात शिरलेले पाणी किंवा वाऱ्याने किंचित फिरलेला अँटेना तेवढे अंतर सहज खाऊन टाकतो. जाणकार कारागीर पडद्याकडे न पाहता मीटर लावतो आणि त्यावर सिग्नलची पातळी व त्रुटींचे प्रमाण वेगवेगळे तपासतो.

डोंगराळ मुलखाला मात्र डिजिटल पद्धतीने मोठा दिलासा दिला. टेकडीवर किंवा उंच इमारतीवर आपटून उशिरा पोचणाऱ्या लहरीमुळे ॲनालॉग चित्राला शेजारी सावली पडत असे. डिजिटल संदेश हजारो बारीक उपवाहकांवर वाटलेला असतो आणि प्रत्येक टप्प्याआधी थोडा राखीव काळ सोडलेला असतो. पहिल्या पिढीच्या संचांत तो 28 मायक्रोसेकंद आहे. एवढ्या वेळात लहर 8 किलोमीटरहून जास्त जाते. तेवढा वळसा घेऊन आलेले प्रतिध्वनी चित्राला बाधत नाहीत.

सिग्नल फार झाला तरी नुकसानच होते, हे पुष्कळांना पटत नाही. प्रक्षेपकापासून चार-पाच किलोमीटरवरच्या घरात कोणी ‘जोरदार’ म्हणून ॲम्प्लिफायर बसवला, की टीव्हीच्या ट्यूनरवर अतिभार पडतो आणि वाहिन्या गायब होतात. तिथे ॲम्प्लिफायर काढावा लागतो, प्रसंगी सिग्नल मुद्दाम क्षीण करणारा छोटा ॲटेन्युएटर मध्ये जोडावा लागतो. दूरच्या घरात ॲम्प्लिफायर हवा असेल तर त्याची जागा अँटेनाच्या खांबावरच असते. टीव्हीच्या मागे लावलेला ॲम्प्लिफायर केबलमध्ये मिसळलेला गोंगाटही वाढवतो.

उन्हाळ्यात हवेचा दाब चढून स्थिर राहिला की आणखी एक अडचण उभी राहते. वातावरणाच्या थरांत लहरी वाकतात आणि शेकडो किलोमीटरवरचे परके प्रक्षेपक त्याच क्रमांकावर येऊन धडकतात. हा त्रास काही तासांचा किंवा दिवसांचा असतो. अशा वेळी नव्याने ट्यूनिंग करणे ही सर्वांत वाईट कृती होय, कारण टीव्ही संच जुनी, बरोबर यादी पुसून टाकतो आणि हाती काहीच लागत नाही.

पेनाइन डोंगररांगेच्या खोऱ्यांत मनोरा दिसत नाही, म्हणून एम्ली मूरच्या हाताखाली अनेक छोटी रिले केंद्रे आहेत: हॅलिफॅक्स, कीथली, हेब्डन ब्रिज, शेफील्डचे क्रॉसपूल वगैरे. मुख्य प्रक्षेपकाच्या लहरींचे ध्रुवण आडवे असते, तर रिले केंद्रांचे उभे. दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ही व्यवस्था आहे. शेफील्डच्या एखाद्या चढाच्या गल्लीत मान वर करून पाहिले की ती उघड्या डोळ्यांना दिसते. एका छतावरचा अँटेना वायव्येकडे रोखलेला आणि त्याच्या काड्या आडव्या, तर उताराखालच्या घरावर त्याच काड्या उभ्या आणि तोंड क्रॉसपूलकडे. पुष्कळशी छोटी रिले केंद्रे मात्र सार्वजनिक सेवेचे तीनच संच पुढे पाठवतात. खोऱ्यात राहणाऱ्याने तेवढेच परवाना शुल्क भरायचे आणि टेकडीवरच्यापेक्षा कितीतरी कमी वाहिन्या पाहायच्या, ही विषमता डिजिटल झाल्यावरही टिकली याची खंत वाटते.

प्रदेशाच्या सीमेवर वेगळाच प्रश्न येतो. आपोआप ट्यूनिंग करणारा टीव्ही संच कधी पलीकडच्या विंटर हिल किंवा बेलमाँट या प्रक्षेपकांचे सिग्नल आधी पकडतो आणि पहिल्या क्रमांकावर भलत्याच प्रदेशाच्या बातम्या बसवतो. ज्याला लीड्सहून येणारे बीबीसीचे बातमीपत्र ‘लुक नॉर्थ’ हवे आहे, त्याने टीव्ही संचात प्रदेश निवडावा किंवा हाताने 41, 44, 47 हे क्रमांक देऊन ट्यूनिंग करावे.

या माळावर उभी राहिलेली ही तिसरी वास्तू आहे. पहिला 135 मीटरचा पोलादी मनोरा 1956 मध्ये स्वतंत्र टेलिव्हिजन प्राधिकरणाने उभारला. 1960 च्या दशकाच्या मध्यात त्याच्या जागी तारांनी ताणून धरलेली 385 मीटर उंचीची पोलादी नळीसारखी मास्ट आली. 19 मार्च 1969 रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास ती कोसळली. तारांवर आणि मास्टवर बर्फ जमला होता. संथ, एकसारख्या वाऱ्याने तिला झोके बसत होते, आणि वादळापेक्षा असा वाराच तिला अधिक घातक ठरला. एका तारेने जवळचे चॅपेल कापले गेले, तरी कोणालाही इजा झाली नाही. त्याच घडणीच्या विंटर हिल आणि बेलमाँट येथील मास्टमध्ये मग कंपने शोषण्यासाठी आत जड साखळ्या टांगल्या गेल्या.

एम्ली मूरला पुन्हा तसली मास्ट उभारायची नाही असे ठरले. ‘अरूप’ या अभियंता संस्थेने काँक्रीटचा निमुळता मनोरा रचला: 275 मीटर काँक्रीट आणि वर सुमारे 55 मीटरचा पोलादी सांगाडा. 1971 मध्ये तो सेवेत आला. ब्रिटनमधील ही सर्वांत उंच स्वतःच्या आधारावर उभी वास्तू असून 2002 पासून तिला दुसऱ्या श्रेणीच्या संरक्षित इमारतीचा दर्जा आहे. 700 मेगाहर्ट्‌झचा पट्टा रिकामा करताना माथ्यावरचे अँटेना बदलावे लागले. त्या काळात शेजारी तारांची 317 मीटर उंच तात्पुरती मास्ट उभारून प्रक्षेपण चालू ठेवले गेले. नव्या अँटेनानंतर मनोऱ्याची एकूण उंची काही मीटरने घटली आहे.

एवढा खटाटोप का करतात, ते उत्तरेच्या बिल्सडेलने दाखवून दिले. 10 ऑगस्ट 2021 रोजी तिथल्या 314 मीटरच्या मास्टला आग लागली आणि ईशान्य इंग्लंडमधील लाखो घरांचा टीव्ही बंद पडला. तिच्यावर अवलंबून असलेली रिले केंद्रेही त्याच क्षणी मुकी झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जळालेली मास्ट पाडण्यात आली आणि 80 मीटरच्या तात्पुरत्या मास्टवरून बऱ्याच भागाची सेवा परत आली. दऱ्यांतल्या घरांना त्यानंतरही वाट पाहावी लागली. सर्वाधिक हाल एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे झाले, कारण त्यांच्याकडे ब्रॉडबँडचा पर्याय नव्हता.

मराठी वाचकाला डोंगरावरचा प्रक्षेपक नवा नाही. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्यात चित्र पोचले. दूरदर्शनने फेब्रुवारी 2016 मध्ये डीव्हीबी-टी2 पद्धतीचे प्रक्षेपण 16 शहरांत सुरू केल्याचे जाहीर केले, त्यांत मुंबई आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) होते. तोवर घराघरांत केबल आणि उपग्रहाची तबकडी आली होती. ही पद्धत वाचू शकणारे टीव्ही संचही दुर्मीळ होते. त्यामुळे महाराष्ट्रात छतावरच्या अँटेनाचा दुसरा जन्म झालाच नाही. ब्रिटनमध्ये विक्रीला येणाऱ्या टीव्हीतच डिजिटल ट्यूनर असतो आणि लोकांनी जुने अँटेना उतरवले नव्हते. फरक पडला तो इथे.

ब्रिटनमधील राष्ट्रीय मल्टिप्लेक्सच्या परवान्यांची मुदत 2034 पर्यंत आहे. त्यानंतर टीव्ही केवळ इंटरनेटवरून द्यावा का, यावर तिथे विचारविनिमय चालू आहे. खर्चाचा हिशेब इंटरनेटच्या बाजूने मांडला जातो. त्याच हिशेबात बिल्सडेलच्या वृद्धांची घरे आणि वर्गणीविना मिळणारी स्थानिक बातमीही धरली पाहिजे.