नवकोनाची घडी



आज मी ज्या विषयावर आपणांशीं बोलणार आहे, तो ऐकून कित्येकांस हंसूं येण्याचा संभव आहे. विषय आहे कागदाची घडी. साधी होडी, शिडाची होडी, बंब, दौत, टोपी हे आपल्या लहानपणचे प्रकार कोण विसरेल? मुळशी तालुक्यांतील आमच्या रिहे गांवीं आषाढाचें पाणी अंगणांतून वाहूं लागलें, कीं मुलांच्या वह्यांचीं पानें कमी होऊं लागतात, हा अनुभव मीं शिक्षक या नात्यानें पुष्कळ वर्षें घेतलेला आहे. परंतु ह्याच घडीनें दोन हजार वर्षांच्या भूमितीला एका प्रश्नांत मागें टाकलें, ही गोष्ट मला सेवानिवृत्त झाल्यावर कळली. आणि ती कळण्यास माझी नात कारण झाली.

नवरात्राचा घट बसावयाचा होता. घटामागें लावण्यासाठीं आम्ही दोघें कागदाचीं फुलें कातरीत होतों. चौकोनी कागद मध्यावर धरून चार वेळां निम्मा केला आणि टोंकाकडे गोल कातर दिली, कीं आठ पाकळ्यांचें फूल उमलतें. सहा पाकळ्यांसाठीं प्रथम निम्मी घडी, मग तिच्या तीन सारख्या घड्या, मग पुन्हां निम्मी. हें सारें झाल्यावर नात म्हणाली, "आजोबा, दिवस नऊ, माळा नऊ, मग फूल आठांचें कां?"

प्रश्न रास्त होता. निम्मी घडी घालून तिचे तीन भाग केले, आणि त्या साठ अंशांच्या घडीचे पुन्हां तीन भाग केले, तर वीस अंशांची घडी मिळून नऊ पाकळ्या व्हावयास पाहिजेत. मीं नजरेच्या अदमासानें तीन भाग पाडले. फूल उघडलें तों कांहीं पाकळ्या पुष्ट आणि कांहीं कृश! पांच-सहा कागद वायां गेले. अर्धे करणें हा कागदाचा स्वभावच आहे. कडेला कड भिडवली, कीं निम्मे होते. आपल्या देशी हिशेबाच्या वह्या पाहा. त्यांच्या पानांना रेघा नसत. कागद दुमडून पाडलेले सळ हेच त्यांचे रकाने. निम्म्याचें निम्में करीत चार, आठ असे सळ हवे तितके पडतात. तीन भाग मात्र पत्र पाकिटांत घालतांनासुद्धां आपण अंदाजानेंच करतों.

साठ अंशांचा कोन अचूक मिळतो, हें मला ठाऊक होतें. चौरस कागद उभा निम्मा दुमडून उघडावा, आणि खालचा उजवा कोपरा डाव्या कोपऱ्याभोंवतीं फिरवून त्या मधल्या घडीवर टेकवावा. कोपरा जेथें टेकला, तेथपर्यंतची रेघ खालच्या कडेशीं साठ अंशांचा कोन करते. ही युक्ति आणि अशा अनेक युक्त्या एका भारतीयानें लिहिलेल्या पुस्तकांत आहेत. टी. सुंदर राव हे मद्रास इलाख्यांतील सरकारी नोकर. कागदाच्या घड्यांनीं भूमिति शिकविणारें त्यांचें इंग्रजी पुस्तक १८९३ सालीं मद्रास येथें निघालें. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यानें आपल्या व्याख्यानांत त्याचा उल्लेख केला, तो बेमन व स्मिथ या अमेरिकन अध्यापकांच्या नजरेस पडला, आणि १९०१ सालीं शिकागो येथें त्याची नवी आवृत्ति प्रसिद्ध झाली. आमच्या देशांतील पुस्तकाची कीर्ति आमच्याकडे फिरून अशा वळणानें यावी, ह्याचें नवल वाटत नाहीं. वाईट मात्र वाटतें.

रावांना ही कल्पना सुचली ती बालोद्यानाच्या एका खेळावरून. फ्रोबेल यानें १८३७ सालीं जर्मनींतील ब्लँकेनबुर्ग येथें मुलांच्या खेळाची संस्था काढली. तिलाच पुढें किंडरगार्टन हें नांव मिळालें. त्या पद्धतींतील आठव्या साहित्यांत निरनिराळ्या रंगांचे दोनशें चौकोनी कागद असत. (आपल्याकडे ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस काम आरंभिलें, तेव्हां पानें, शिंपले, खडे यांवरच भागविलें, साहित्य महागच असलें पाहिजे असें नाहीं.) बालकांच्या त्या कागदांतून रावांनीं चौरस, त्रिकोण, पंचकोन, षट्कोन असे एकेक आकार अचूक काढून दाखविले. पण नवकोनापाशीं ते थांबले. कोणताही कोन घडीनें बऱ्याच बारकाईनें तीन ठिकाणीं विभागतां येतो आणि त्यावरून नवकोन जवळजवळ बरोबर येतो, इतकेंच त्यांनीं सांगितलें. घनमूळ घडीनें काढतां येणार नाहीं, असाही त्यांच्या लिहिण्याचा रोख आहे.

येथें मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं, मी एका शाळेंत भूमिति शिकवीत असतां, एक मुलगा दुमडलेला कागद घेऊन टेबलापाशीं आला आणि म्हणाला, "गुरुजी, कोनाचे तीन भाग झाले." मीं कागद हातांतही घेतला नाहीं. "कोनाचे तीन समान भाग होत नाहींत हें सिद्ध झालेलें आहे, जा, बैस," असें म्हणून त्याला परत पाठविलें. मुलगा कागद खिशांत घालून जागेवर गेला. मीं सांगितलेलें अर्धें खरें होतें. फ्रेंच गणिती वांत्झेल यानें १८३७ सालीं, म्हणजे फ्रोबेलची संस्था निघाली त्याच वर्षीं, सिद्ध केलें तें असें, कीं केवळ पट्टी आणि कंपास यांच्या साह्यानें कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करण्याची रीत असूं शकत नाहीं. खुद्द साठ अंशांचा कोनही असा भागतां येत नाहीं. ह्यांतील "पट्टी आणि कंपास" हे शब्द मीं गाळले होते. कागदाचें काय, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

त्या प्रश्नाचें उत्तर इटलींत मिळालें. मार्गेरिता बेलोक या गणिती विदुषी फेरारा येथें प्राध्यापिका होत्या. दोन बिंदु एकाच घडीनें दोन निरनिराळ्या रेषांवर एकाच वेळीं नेऊन बसविले, तर घनसमीकरणही सुटतें, हें त्यांनीं १९३६ सालीं दाखविलें. रावांच्या घड्या एका वेळीं एकच गोष्ट जुळवीत. येथें दोन जुळवावयाच्या. सारा फरक एवढ्यांत आहे. पुढें जपानांत, जेथें ह्या कलेला ओरिगामी म्हणजे कागद मोडणें असें नांव आहे, हिसाशी आबे यांची कोन त्रिभागण्याची रीत १९८० सालीं प्रसिद्ध झाली. १९८९ सालीं ओरिगामीच्या शास्त्रावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तीही फेरारालाच.

आबे यांची रीत मी सांगतों. जवळ कागद असेल तर घ्यावा. चौरसाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यास अ म्हणूं. अ पासून वर जाणारी साठ अंशांची तिरकी घडी पाडून ठेवावी. आतां कागदाच्या निम्म्यावर एक आडवी घडी आणि खालच्या चौथाईवर दुसरी. डाव्या कडेवर ह्यांपैकीं खालची घडी जेथें मिळते तो ब, वरची मिळते तो क. आतां डावा भाग उचलून असा दुमडावा, कीं अ हा खालच्या आडव्या घडीवर बसेल आणि त्याच क्षणीं क हा तिरक्या घडीवर बसेल. दोन्ही बसले, कीं दाबावें. अ जेथें पडला आणि ब जेथें पडला, तेथें खूण करावी. मूळ कोपऱ्यापासून ह्या दोन खुणांकडे घड्या घातल्या, कीं साठ अंशांचे तीन समान भाग झाले.

हें खरें कशावरून? घडी म्हणजे आरसा. नवा अ आणि ब यांना जोडणारी आडवी रेघ डाव्या कडेला लंब आहे; म्हणून आरशांत, मूळ अ आणि नवा ब यांना जोडणारी रेघही नव्या अ व नव्या क मधील रेघेला लंब आहे, आणि तिला मध्यावर छेदते. यास्तव वरचे दोन कोन सारखे. आणि नव्या अ पाशीं आडव्या घडीशीं होणारा कोन एकीकडे समांतर रेषांमुळें खालच्या कोनाएवढा, तर दुसरीकडे आरशामुळें मधल्या कोनाएवढा. तिन्ही सारखे झाले. माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसालाही कळावें, इतकें हें सोपें आहे.

हातानें करणें मात्र सोपें नाहीं. अ बसवावा तों क सरकतो. क धरावा तों अ निसटतो. शिवाय दुमडलेला कागद खालची रेघ झांकतो. अखेर नातीनें पतंगी कागद आणला आणि खिडकीच्या कांचेवर धरला; मग दोन्ही रेघा आरपार दिसूं लागल्या. चौथ्या कागदाला वीस अंशांचा कोन मिळाला. तो मापाला ठेवून फुलाची घडी घातली आणि कातर दिली. नऊ पाकळ्या एकसारख्या आल्या, आणि घटामागें तें फूल नऊही दिवस राहिलें.

दसऱ्यानंतर मी त्या जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं गेलों. तो शेजारच्याच गांवीं भातशेती करतो. त्या दिवशीं त्यानें घडी कशी घातली होती, हें मला विचारावयाचें होतें. कागदाची गोष्ट त्याला मुळींच आठवत नव्हती. मीं हात जोडून झाली गोष्ट सांगितली, तेव्हां तो संकोचला आणि "गुरुजी, असूं द्या," एवढेंच म्हणाला. मीं खिशांतून पतंगी कागद काढून त्याच्यापुढें ठेवला. त्यानें हात धोतराला पुसले, ओसरीच्या उजेडाकडे सरकला आणि विचारलें, "आधीं कोणता बिंदू धरावयाचा?"