मोडनिंबची गाडी आणि लंडनचे वन

लंडनला जाणाऱ्या माणसाच्या हाती प्रेक्षणीय स्थळांची यादी कोणीतरी ठेवतोच. राजवाडा, पार्लमेंट, घड्याळाचा मनोरा, संग्रहालये. आमच्याही हाती ती होती. परंतु तेथील मुक्कामातला एक दिवस आम्ही आमच्या गावासाठी राखून ठेवला होता. सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंबचा लंडनशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो लोहमार्गाचा आहे.

कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी छोटी गाडी मोडनिंबवरून जात असे. आमचे बालपण तिच्या शिट्टीवर उठले आणि झोपले. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. आषाढी-कार्तिकीला ती वारकऱ्यांनी ओसंडून जाई. ही बार्शी लाइट रेल्वे ज्यांच्या बुद्धीतून उतरली, ते एव्हरार्ड कॅलथ्रॉप 1882 साली जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. मोठा लोहमार्ग बार्शीसारख्या बाजारपेठेला बाजूला टाकून गेला होता. कमी खर्चाची हलकी गाडी तेथवर नेता येईल, हा विचार त्यांनी सोडला नाही. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये, अशी इंजिने व डबे त्यांनी योजिले, म्हणजे रूळही हलके चालतात. कंपनी उभी राहिली ती 1895 साली, लंडनमध्ये. 1897 साली बार्शीला आणि 1906 साली मोडनिंबवरून पंढरपूरला गाडी पोहोचली. त्यात दूरच्या भागधारकांचा नफा होता, हे आम्ही विसरत नाही; पण बैलगाडीच्या वाटेवरील माणसाला तिने जग जवळ केले, हेही खरे.

या कॅलथ्रॉपसाहेबांचा माग काढीत आम्ही सकाळी टॉवर ब्रिजवर गेलो. 1894 साली खुला झालेला हा पूल जगप्रसिद्ध आहे. प्रवासी तेथे छायाचित्रे काढीत होते. आम्ही मात्र वरच्या पादचारी मार्गाकडे पाहात उभे राहिलो. 1910 साली चार्ल्स रोल्स हे कॅलथ्रॉप यांचे मित्र विमान कोसळून मरण पावले. त्यानंतर या रेल्वे-अभियंत्याने वैमानिकांचे प्राण वाचविणारी हवाई छत्री तयार करण्याचा ध्यास घेतला. तिचे नाव त्यांनी ‘रक्षकदूत’ या अर्थाचे ठेवले. ती विश्वासार्ह आहे हे पटविण्यासाठी 1917 साली ऑर्ड-लीज या अधिकाऱ्याने याच पुलावरून, सुमारे दीडशे फुटांवरून, थेम्स नदीत उडी घेतली. शॅकल्टन यांच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेतून परतलेला हा धाडसी माणूस छत्रीने सुखरूप उतरला. तरीही पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानांतील वैमानिकांना जवळजवळ अखेरपर्यंत छत्री मिळाली नाही. रक्षकदूत तयार होता. त्याला बोलावणेच आले नाही. किती मातांचे पुत्र त्यामुळे परतले नसतील!

दुपारी लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून भुयारी रेल्वेची गाडी धरली. काही वेळाने ती जमिनीवर आली आणि लाउटन येथे आम्ही उतरलो. कॅलथ्रॉप या गावी राहात, अरबी घोडे पाळीत, आणि घोड्याला मारून नव्हे तर मायेने शिकवावे असे सांगत. स्थानकापासून जवळच ‘लॉपिंग हॉल’ नावाची इमारत लागते. तिची कथा ऐकण्याजोगी आहे.

लाउटनला लागूनच एपिंगचे वन आहे. थंडीत या वनातील झाडांच्या फांद्या तोडून सरपण नेण्याचा हक्क गावकऱ्यांना पूर्वापार होता. 11 नोव्हेंबरच्या मध्यरात्री तोडीला आरंभ होई. तो दिवस संत मार्टिनचा. आपला अर्धा झगा कापून थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला देणाऱ्या संताच्या दिवशी गरिबाच्या चुलीची सोय व्हावी, हा योग आम्हांला फार अर्थपूर्ण वाटला. पुढे 1860 च्या दशकात जमीनदाराने वनाला कुंपण घातले. हा जमीनदार गावचा अँग्लिकन धर्मगुरूच होता. परपंथाचा म्हणून आपण त्याच्याकडे बोट दाखवू नये. वेदीजवळ उभे राहूनही गरिबाची चूल दिसेनाशी होऊ शकते, हा धडा सर्वांसाठीच आहे. टॉमस विलिंगेल या वृद्ध मजुराने तोड थांबविली नाही. 1866 साली त्याच्या घरातील तिघांना कैद झाली. प्रकरण न्यायालयात गेले, लंडन शहराची महापालिका वनाच्या बाजूने उभी राहिली, आणि 1878 च्या कायद्याने एपिंगचे वन सर्व जनतेसाठी राखले गेले. विलिंगेल तत्पूर्वीच, 1870 साली, वारला होता. तोडीचा हक्क संपला, त्याच्या भरपाईतून गावासाठी 1884 साली हा लॉपिंग हॉल उभा राहिला.

मग आम्ही वनात शिरलो. बीच आणि हॉर्नबीमची जुनी झाडे माणसाच्या डोक्याच्या वर एकदम अनेक फांद्यांनी फुटलेली दिसतात. जनावरांचे तोंड कोवळ्या फुटव्यापर्यंत पोहोचू नये म्हणून पूर्वी तेवढ्या उंचीवर तोड होई. तोड थांबून शतक उलटले, आणि त्या फांद्यांचेच बुंधे झाले. पाचोळ्यावरून दोन तास चाललो. कोणी कुत्र्याला फिरवीत होते, कोणी मुलांना. कोणाकडेही तिकीट नव्हते, कोणी अडवीतही नव्हते. सुमारे सहा हजार एकरांचे हे वन लंडनच्या दारात आजही उभे आहे, ते एका मजुराच्या कुऱ्हाडीमुळेही.

आमची छोटी गाडी मात्र आता नाही. 1954 साली सरकारने ती कंपनी विकत घेतली, आणि या शतकाच्या आरंभी मोडनिंबला मोठे रूळ आले. त्याचे दुःख नाही. गावाची सोयच झाली. परंतु ज्या गावाच्या नावातच निंब आहे, तेथील गायराने आणि ओढ्याकाठची झाडे कोणाच्या भरवशावर आहेत, हा प्रश्न त्या वाटेवर आमच्या मनात आला, आणि तो परतीच्या गाडीतही सुटला नाही. महानगराचा मोठेपणा राजवाड्यांत असेल. आम्हांला तो हलक्या रुळांत, नाकारलेल्या छत्रीत आणि कुंपण न मानणाऱ्या म्हाताऱ्यात दिसला. असा एखादा म्हातारा आपल्याही धर्मग्रामात असेल. त्याचे म्हणणे वेळीच ऐकलेले बरे.