खाडा, दिवेलागण आणि पाच मागण्या

माझी सगळी नोकरी एका मोठ्या कंपनीच्या कार्मिक खात्यात गेली. निवृत्तीच्या आधी चार-पाच वर्षे आमच्याकडे एक नवी पद्धत सुरू झाली. दर वर्षी कर्मचाऱ्यांना प्रश्नावली द्यायची : इथे काम करताना तुम्हाला काय आवडते, काय आवडत नाही? ती प्रश्नावली मीच तयार करत असे आणि आलेल्या उत्तरांची गोळाबेरीजही मीच करत असे. ‘आवडते’ या रकान्यात बहुतेक जण नोकरीची शाश्वती, वेळेवर पगार, भविष्य निर्वाह निधी असे लिहीत. ‘आवडत नाही’ या रकान्यात कँटीन, बढत्या आणि वरचा साहेब. एका वर्षी एका जुन्या शिपायाने दोन्ही रकान्यांत एकच शब्द लिहिला होता : ‘घड्याळ’.

त्या शब्दाने माझा पाठलाग केला म्हणा, पण निवृत्तीनंतर मी कापड गिरण्यांचा इतिहास वाचायला घेतला तो याच प्रश्नाचा माग काढण्यासाठी. आपल्याकडे हजारो माणसे एका छपराखाली, एका मालकाच्या पगारावर काम करू लागली ती प्रथम गिरण्यांत आणि रेल्वेत. त्यांना कोणी प्रश्नावली दिली नव्हती. मग त्यांना काय आवडत होते आणि काय नाही, हे कळायचे कसे?

एक कागद मात्र असा आहे की ज्याला कामगारांची स्वतःची प्रश्नावली म्हणता येईल. सप्टेंबर १८८४मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि त्यांतून एक अर्ज तयार झाला. त्यावर ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते, सत्यशोधक होते, ‘दीनबंधु’ चालवत होते. अर्जात मागण्या पाच : रविवारी पूर्ण सुट्टी; दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती; काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे; महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा; आणि कामावर जबर दुखापत झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचे अपंगत्व आल्यास पुढच्या निर्वाहाची सोय.

मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा तिच्यात काय आहे यापेक्षा काय नाही याने थबकलो. पगारवाढ नाही. पाचातली एकही मागणी जास्त पैशांची नाही. चौथी पैशांबद्दल आहे, पण ती आधीच कमावलेल्या पैशांबद्दल. महिनाभर राबायचे आणि त्याचा पगार पुढचा महिना अर्धा उलटून गेला तरी हातात नाही; तोवर वाणी उधारीवर धान्य देणार आणि उधारीचा भाव वेगळा लावणार. कार्मिक खात्यात राहिलेल्या माणसाला हे लगेच समजते. पगाराचा आकडा आणि पगाराची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गरिबाला दुसरी अधिक जाचते. या तारखेसाठी कायदा व्हायला १९३६ साल उजाडावे लागले.

तिसरी मागणी तर आज वाचताना चक्रावून टाकते. साडेसहा ते सूर्यास्त म्हणजे जवळजवळ बारा तास. माणसे बारा तास ‘मागत’ होती. १८८१चा पहिला कारखाना कायदा मुलांपुरता होता. मोठ्या पुरुषाच्या तासांना त्यात मर्यादाच नव्हती. कामाची वेळ ठरवत होता सूर्य. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम जास्त; थंडीत कमी. पण सूर्य निदान मावळत तरी होता. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि १९०५च्या तेजीत मुंबईच्या अनेक गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. त्या वर्षी कामगार रस्त्यावर उतरले. विजेच्या दिव्याचे आपण स्वागतच करतो, माझ्या पिढीने तर तो आल्याच्या दिवशी पेढे वाटलेले पाहिले आहेत. पण गिरणगावातला पहिला दिवा हा कामगाराची संध्याकाळ हिरावून घेणारा होता. कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा १९११च्या कायद्याने मिळाली. म्हणजे १८८४ची मागणी पुरी व्हायला सत्तावीस वर्षे लागली. रविवार मात्र लवकर मिळाला. २४ एप्रिल १८९० रोजी मोठी सभा झाली, तिच्यात दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, आणि १० जूनला गिरणी मालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

न आवडणाऱ्या गोष्टी अशा कळतात. कारण माणूस तक्रार लिहितो, संप करतो. आवडलेल्या गोष्टींसाठी कोणी अर्ज करत नाही. त्यासाठी मी नागपूरकडे वळलो.

जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूरला गिरणी काढायचे ठरवले ते कापूस जवळ आणि वरोऱ्याचा कोळसाही फार दूर नाही म्हणून. जागा घेतली जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. तिथे भर घालताना पाहून हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे, असे म्हणत एका मारवाडी सावकाराने पैसे द्यायला नकार दिला; मातीत घालून सोने काढले ते टाटांनीच, असे त्यानेच पुढे कबूल केल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले त्याच दिवशी, ‘एम्प्रेस मिल’ सुरू झाली. व्यवस्थापक बेझनजी मेहता रेल्वेच्या नोकरीतून आलेले.

आणि त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून तिथे संप झाला. भारतातल्या पहिल्या नोंदलेल्या संपांत त्याची गणना होते. चांगल्या मालकाच्या कथेत हा संप बहुधा गाळला जातो, म्हणून मुद्दाम सांगतो.

नागपुरात मालकांपुढची मोठी अडचण होती ती खाड्याची. खाडा म्हणजे गैरहजेरी. गिरणीच्या बोलीतला हा शब्द अजून आपल्या घरकामाच्या बायकांच्या हिशेबात जिवंत आहे. सण आला, लग्न निघाले, पेरणी आली की माणूस कामावर नाही. याला आळस म्हणणारे तेव्हाही होते. मला तसे वाटत नाही. हातमागावर बसणाऱ्या कोष्ट्याला किंवा शेतावर राबणाऱ्याला काम भरपूर होते, पण कामाची वेळ त्याची त्याने किंवा ऋतूने ठरवलेली होती. भोंगा वाजताच दारात हजर राहणे हे नवे कौशल्य होते, आणि ते त्याला शिकायचे नव्हते. खाडा ही त्याची न लिहिलेली तक्रार.

मुंबईच्या गिरण्यांचे यावरचे औषध म्हणजे दंड. ‘डबल खाडा’ हा शब्दच रूढ होता : एक दिवस गैरहजर, तर दोन दिवसांची मजुरी कापायची. कापड खराब निघाले तर ते विणकराच्याच गळ्यात मारायचे आणि किंमत पगारातून वळती करायची. एम्प्रेस मिलने वेगळा रस्ता धरला. खेळांचे सामने, बक्षीस समारंभ, बक्षिसांत घड्याळे, सोन्याच्या साखळ्या, कापड. आत हवेत ओलावा राखणारी यंत्रे आणि आग विझवणारे फवारे. १८८६मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी, १९०१मध्ये भविष्य निर्वाह निधी. देशभरच्या कामगारांसाठी या निधीचा कायदा झाला तो १९५२ साली. पुढे इंदोऱ्याला कामगारांची वसाहतही झाली.

यात औदार्य किती आणि हिशेब किती, हा वाद मला फारसा पटत नाही. कामगार टिकला तर सूत चांगले निघते, हे जमशेटजींना कळत होते. ते लपवण्याचे त्यांना कारणही नव्हते. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की लोखंड्यांच्या अर्जातली पाचवी मागणी आणि नागपूरचा निधी एकाच भीतीला उत्तर देतात : हात चालेनासा झाला तर पुढे काय? गावात त्या भीतीला उत्तर होते भाऊबंदकीचे आणि जमिनीच्या तुकड्याचे, निदान ज्यांच्याकडे तुकडा होता त्यांच्यापुरते.

ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांना गिरणी आवडण्याचे आणखी एक कारण होते. महार माणसाला गावात कामाच्या मोबदल्यात भाकरी मागून आणावी लागे. गिरणीत त्याला महिन्याला रोख पगार मिळाला आणि गावकीच्या वेठीतून सुटका झाली. पण तीच गिरणी त्याला एका दारापाशी अडवत होती. मुंबईत जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण सांगत ते असे : धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, मग विटाळ होतो. हा नियम कोणा इंग्रजाने वा पारशाने लिहिलेला नव्हता. शेजारच्या साच्यावरचा सवर्ण कामगारच तो राबवत होता. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांची पंचाईत झाली. ‘वरचा साहेब’ ही तक्रार लिहिता येते. ‘शेजारचा’ कोणत्या रकान्यात लिहायचा?

इथे मला माझी प्रश्नावली पुन्हा आठवते. आमच्या आवारात रोज येणाऱ्यांपैकी बरेच जण कंत्राटदाराचे. झाडलोट, माल चढवणे, रात्रीचा पहारा. माझ्या हजेरीपटावर ते नव्हते, म्हणून माझ्या प्रश्नावलीच्या यादीतही नव्हते. एका वर्षी त्यांच्यापैकी एकाने मला जिन्यात गाठून विचारले, ‘साहेब, तो कागद आम्हाला नाही का?’ मी म्हणालो, ‘तुमच्या कंत्राटदाराला विचारा.’ तो हसला आणि बादली उचलून खाली गेला.

एम्प्रेस मिल १९८६मध्ये टाटांच्या हातून राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली. त्या जागेवर आता मॉल आहे. मागच्या वर्षी नागपूरला गेलो तेव्हा तिथे गेलो. दुपारची वेळ, आत थंडगार. एका दुकानात कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या मुलीला विचारले, दिवसभर उभेच राहता का? ती म्हणाली, ‘हो काका, बसायला परवानगी नाही. पण पगार सात तारखेला होतो.’