हिरव्या-बिस्किटी रंगाच्या दोन जुळ्या छटा

धड हिरवा नाही आणि धड बिस्किटीही नाही, असे मंद रंग अमेरिकेतील घरांच्या अंतर्गत सजावटीत चांगलेच रुळले आहेत. 'सेज' या सुगंधी वनस्पतीच्या राखाडी-हिरव्या पानांवरून ते ओळखले जातात. १८८३ साली स्थापन झालेल्या 'बेंजामिन मूर' या अमेरिकी कंपनीच्या 'सेब्रुक सेज' आणि 'ऑक्टोबर मिस्ट' या अशाच दोन छटा. पहिली 'हिस्टॉरिकल कलर' या संग्रहातील. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकी वास्तूंपासून स्फूर्ती घेतलेला हा संग्रह १९७६ मध्ये, देशाच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त सादर झाला. दुसरीची निवड कंपनीने २०२२ या वर्षाचा रंग म्हणून केली.

शेडकार्डवर या दोहोंतील फरक सहजी कळत नाही. पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो हे दाखवणाऱ्या परावर्तन मूल्यात काळ्याला शून्य आणि शुभ्र पांढऱ्याला १०० धरतात. या मापावर दोन्ही छटा ४५ ते ४७ च्या दरम्यान येतात. म्हणजेच भेद उजळपणाचा नसून रंगछटेचा आहे. 'सेब्रुक सेज'मध्ये हिरवा अंश किंचित अधिक, तर 'ऑक्टोबर मिस्ट' राखाडीकडे झुकणारी.

भिंतीवर मात्र हा सूक्ष्म भेद प्रकट होतो. अमेरिकेत उत्तरेच्या खिडकीतून येणारा प्रकाश थंड, निळसर असतो. त्यात 'ऑक्टोबर मिस्ट' उदास, राखाडी भासण्याचा संभव असतो; 'सेब्रुक सेज' आपला हिरवेपणा टिकवते. दक्षिणेच्या उन्हात ती अधिक हिरवी दिसू शकते, तेथे 'ऑक्टोबर मिस्ट'चा संयम शोभून दिसतो. २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली दोघींतील बिस्किटी अंश वर येतो.

शेजारच्या रंगांचा प्रभावही मोठा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ मधील ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे लगतचे रंग परस्परांचे रूप बदलतात. तांबूस लाकडी जमीन किंवा विटांची भिंत असेल, तर हिरवा अधिकच हिरवा वाटतो. अशा खोलीत राखाडी छटा सुरक्षित ठरते.

निवडीपूर्वी दोन फुटी पांढऱ्या फळ्यांवर, कडा कोऱ्या सोडून, प्रत्येक रंगाचे दोन हात द्यावेत. फळ्या वेगवेगळ्या भिंतींना टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहाव्यात. खोलीचा वापर ज्या वेळी सर्वाधिक होतो, त्या वेळचा कौल अंतिम मानावा. संपूर्ण खोली पुन्हा रंगवण्याच्या खर्चापुढे दोन नमुना-डब्यांचा खर्च नगण्यच.