लोहारशाळेचे आडनाव

कामगारांचे हजेरीपट वाचण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले. त्यांत 'लोहार' आडनाव असे, तसे 'फरेरा'ही असे. एक घाटावरचा, दुसरा गोव्याचा. दोन्ही नावांत लोखंडच आहे, हे मात्र आम्हांला फार उशिरा वाचनालयात कळले.

लॅटिनमध्ये लोखंड म्हणजे 'फेर्रुम', आणि लोखंडकामाची जागा 'फेर्रारिया'. स्पेनच्या कॅस्टील प्रांतात शब्दारंभीच्या 'फ'चा 'ह' झाला. पुढे तो 'ह' लिहिण्यापुरताच उरला. 'फारिना' म्हणजे पीठ, त्याचे 'अरीना' झाले. तसेच 'फेर्रारिया'चे 'एरेरा'. लोहार तो 'एरेरो'. तेव्हा एरेरा हे मुळात माणसाचे नव्हे, लोहारशाळेचे नाव. ते गावांना पडले आणि गावांवरून माणसांना, जसा आपल्याकडे 'कर' लागतो. एस्कोरिआलचा राजवाडा १५८४ साली पुरा करणारा वास्तुशिल्पी हुआन दे एरेरा. त्यातील 'दे' म्हणजे आपला 'चा'.

शेजाऱ्यांनी 'फ' सोडला नाही. पोर्तुगीजांत फरेरा, कातालान भाषेत फेरेर, इटलीत फेरारी. अरबांचा हद्दाद, हंगेरीचा कोवाच, इंग्रजांचा स्मिथ हे शब्दाने यांचे कोणी नव्हेत, पण अर्थाने सगळे लोहारच. कारण साधे आहे. गावात शेतकरी पुष्कळ, लोहार एखादाच. त्याला ओळखायला धंदा पुरे होई.

समुद्रापार मात्र ही नावे निराळ्या वाटेने गेली. गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. पुढे बाप्तिस्मा घेणाऱ्यास अनेकदा पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळे. फिलिपाईन्समध्ये १८४९ साली गव्हर्नर क्लावेरियाने हुकूम काढून छापील यादीतून कुटुंबांना आडनावे वाटली, कारण करवसुलीला आणि दप्तराला ती हवी होती. त्या यादीतून नाव घेणाऱ्याच्या घराण्यात कोणी ऐरण पाहिली होती की नाही, हे कोणी विचारले नाही.

श्रोतेहो, आडनाव ऐकून कोणते काम द्यायचे हे ठरविणारे मुकादम आम्ही पाहिले आहेत. त्यांच्याशी भांडताना हा इतिहास आम्हांला ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर एवढेच म्हटले असते: आडनाव घामातून येते, गावावरून येते, हुकमानेही येते. हाताला काय येते ते हातालाच विचारा.